ओढ्याचं तीर्थ

निकिता काय शिकते हे बन्सीधरकाकांनी तिला कधी विचारलं नव्हतं. जंतूंचं काहीतरी, एवढंच ते बोरीच्या बाजारात सांगत. आईबापांमागं तिला वाढवलं ते काकांनी आणि अंबाकाकूनं, शिकवलंही त्यांनीच. पण त्या शिकण्यात असतं काय, या भानगडीत ते पडले नाहीत. म्हणून वस्तीवर उलट्या-जुलाबाची साथ आली, निकिता परभणीहून पाण्याचे नमुने तपासायला आली आणि काका तिच्यासोबत ओढ्यावर येऊन बसले, तेव्हा तिला कोण आनंद झाला.

"बाटलीत काय भरायलीस माय?" काकांनी विचारलं.

झालं. निकिता सुटलीच. तिचं संशोधन कॉलेजात दोन माणसं ऐकायची, त्यातलं एक पेंगायचं. तिनं सांगितलं, की ही साथ कॉलऱ्याची आहे आणि कॉलऱ्याच्या जंतूलाही आजार होतो. जंतूहून कितीतरी बारीक असा एक विषाणू त्याच्या अंगात शिरतो, आतल्या आत वाढतो आणि त्याला फोडून बाहेर पडतो. माणसाला तो काही करत नाही. साथ ओसरायला लागते तेव्हा पाण्यात हे विषाणू चिक्कार झालेले असतात. मागच्या खेपेच्या नमुन्यात तिला ते सापडलेही होते, याच ओढ्यातले.

"म्हंजी रोगाला खाणारं ह्या पाण्यात हाय?"

"हाय ना काका."

"आन पाणी उकळलं तर ते मरंल?"

प्रश्न इतका नेमका होता, की तिला काकांचं कौतुक वाटलं. "मरंल की," ती म्हणाली.

काका ओढ्याकडं बघत राहिले. खरं तर अर्धी गोष्ट अजून राहिली होती. असा विषाणू सापडतो तिथं त्याचं खाद्यही, म्हणजे कॉलऱ्याचा जंतू, असतंच. त्याच्या तडाख्यातून जे जंतू वाचतात, ते विषाणू ज्या कडीला धरून आत शिरतो ती कडीच बदलून टाकतात आणि त्याला पुरून उरतात. मग विषाणू नवी वाट काढतो, जंतू नवा अडसर लावतो. दोघांच्या या भांडणातच कॉलरा बदलत आलाय. आणि ज्या विषानं माणसाच्या अंगातलं पाणी आटतं, तेसुद्धा या जंतूला कधीकाळी दुसऱ्याच एका विषाणूनं आणून दिलेलं. हे सगळं तिच्या ओठावर होतं. पण काकांचा चेहरा असा फुलला होता, की तिथंच थांबावं असं तिला वाटलं. प्यायचं पाणी उकळून प्या, एवढं बजावून ती परभणीला गेली.

काकांनी तिचा शब्द मोडला नाही. बोअरचं पाणी उकळूनच पीत. ओढ्याचं मात्र रोज सकाळी तांब्यात भरून आणत, देवापुढं ठेवत आणि तीर्थ म्हणून घेत. ते उकळायचा प्रश्नच नव्हता. आतला तो मेला तर उरलं काय? स्वतः पेलाभर पीत, काकूलाही देत. काकू दोन घोट घेऊन पेला ठेवून देई.

काकूला काही झालेलं नव्हतं. सोयाबीनच्या काढणीला ती रोज रानात जात होती. एका सकाळी पोटातून नुसतं पाणी जायला लागलं, तर लाजेपायी दुपारपर्यंत तिनं कुणाला सांगितलं नाही. जिंतूरच्या दवाखान्यात नेताना वाटेतच, जीपमध्ये ती गेली.

निकिताला हे तीर्थाचं कळलं ते भेटायला आलेल्या माणसांशी काका बोलत होते तेव्हा.

"पोरीचं खरंच हाय. मी पेलाभर प्यायचो, मला काय झालं? हिला त्या पाण्याचा वास यायचा, तोंड वाकडं करायची. कमी पडलं तिला. मी जोर करायला पायजे होता."

कॉलरा सगळ्यांना सारखा धरत नाही, एकाच पाण्यानं एक जातो आणि दुसऱ्याला ढेकरही येत नाही, हे निकिताला पाठ होतं. पण बायकोला आपल्या हातानं काय पाजलं हे या माणसाला कुणी सांगायचं? कमी पाजल्याचं दुःख परवडलं, असं तिनं ठरवलं. काकांना ओढ्याकडं फिरकू द्यायचं नाही आणि आपण गप्प राहायचं.

तेवढ्यात शेजारचा भागवत धावत आला. त्याच्या बायकोला, दैवशालाला, उलट्या सुरू झाल्या होत्या. त्याला तीर्थ हवं होतं.

काका तांब्या घेऊन उठले. "चल, ताजं भरून देतो. पर घोटभर नगं, पोटभर पाज तिला."

निकितानं त्यांच्या हातातला तांब्या धरला. "भागवतभाऊ, ते पाणी नगं. जीप सांगा, आत्ता जिंतूरला न्या. उकळलेल्या पाण्यात मीठ-साखर घालून वाटभर पाजत न्या." भागवत आला तसा पळाला.

काका तिच्याकडं बघत होते. आता सुटका नव्हती.

"काका, त्या पाण्यात रोगबी होता. खाणारा हाय तिथं त्याचं खाद्य असतंच. काकू त्या पाण्यानंच गेली."

काका खाली बसले. "म्हंजी मीच पाजलं," ते म्हणाले.

"न्हाई काका. चूक माझी हाय."

ते त्यांच्या कानावर गेलं की नाही कोण जाणे. त्यांनी विचारलं, "तुला हे तवाच ठाव होतं?"

"हो."

"मग तवाच का न्हाई सांगितलंस माय?"

आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. न सांगण्याचं कारण निकिताला ठाऊक होतं. काका जन्मात पहिल्यांदा तिचं ऐकत होते, आणि तिला ते आवडलं होतं. बस, एवढंच. काकूच्या जिवापुढं हे कारण इतकं क्षुल्लक होतं, की ते तोंडातून काढायची तिला शरम वाटली.