एकशे बावन्न सुया

मोजे विणायची मशीन बनवणाऱ्या कारखान्यात ती नव्यानेच लागली होती. तिच्या आधी मशीनचा कोड बावीस वर्षं काकांनी लिहिला. सगळे त्यांना काकाच म्हणत. ते निवृत्त झाले आणि त्यांच्या हातचा सगळा पसारा हिच्या गळ्यात पडला.

पहिल्याच आठवड्यात ती एका ओळीपाशी अडली. सुईचा क्लास, म्हणजे सुईचं वर्णन करणारा कोडचा तुकडा, 'मोजणी' नावाच्या टेम्प्लेटपासून, म्हणजे किती नग तयार झाले ते मोजणाऱ्या एका कोऱ्या साच्यापासून, बनवला होता. इथवर ठीक. पण त्या टेम्प्लेटला कंसात पुन्हा सुईचंच नाव दिलेलं! म्हणजे लेक अजून जन्मलीच नाही आणि आईला सांगतेय, मी अमकी, आता मला जन्म दे. धागा सोडणाऱ्या नळीच्या क्लासचंही तेच. तिने ओळ तीनदा वाचली, चौथ्यांदा मोठ्याने वाचली. डोक्यात काही शिरेना.

"उगाच अक्कल पाजळलीये काकांनी," असं पुटपुटत तिने टेम्प्लेट काढून टाकलं. साधा एक 'मोजणी' क्लास केला. सुई आणि नळी, दोघींची आई तीच. कोड कसा सुटसुटीत दिसू लागला.

दुपारी फिटर दारात उभा. "मॅडम, मशीन चालू होईना. म्हणतंय, सुया एकशे बावन्न."

"मग?"

"मी स्वतः एकशे चव्वेचाळीस बसवल्यात. वरच्या आठ आल्या कुठून?"

दोघांनी बोट लावून सुया मोजल्या. एकशे चव्वेचाळीसच. पडद्यावर नळ्यांचा आकडा पाहिला, तर तोही एकशे बावन्न!

"नळ्या तर आठच आहेत," फिटर म्हणाला आणि तिच्याकडे बघतच राहिला. तिचे कान तापले. आपण आकड्याला हातही लावला नव्हता, मग हे झालं कसं? तिने मुकाट्याने काकांना फोन लावला.

"काका, सुईच्या आईला सुईचंच नाव का दिलं होतं तुम्ही?"

"मी? मी कशाला असला वेडेपणा करीन?"

तिने ओळ वाचून दाखवली. काकांनी ती पुन्हा एकदा वाचायला लावली.

"हे चुकीचं वाटतंय गं. पण मग इतकी वर्षं चाललं कसं?"

आता दोघंही चक्रावली. तिने रडवेल्या आवाजात सांगितलं, "माझ्याकडे सुया आणि नळ्या मिळून एकशे बावन्न येतायत."

"मिळून?" काका ओरडलेच. "अगं, आई एक तर आकडाही एकच! कोणीही जन्मलं की तोच वाढणार. टेम्प्लेटला नाव दिलं की त्या नावाची निराळी आई तयार होते. सुईची वेगळी, नळीची वेगळी. कोड मशीनच्या भाषेत उतरवणाऱ्या कंपायलरला लेक पुरती जन्मायच्या आधी नुसतं नाव पुरतं."

तिने जुनी ओळ परत घातली. मशीन घरघरलं आणि खालून राखाडी मोजा उतरू लागला. फिटरने विचारलं, "झालं काय होतं?" ती बोलायला लागली, दोनदा अडखळली, मग नुसतीच हसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका चष्मा घेऊन हजर. "काल सांगितलं ते घरी काकूला समजावायला बसलो, तर माझंच मला सुटेना."

मग दोघं त्या ओळीवर टीप लिहायला बसली. ती लिही, काका खोडत. काका सांगत, ती "थांबा, थांबा" करी. चहाच्या वेळेपर्यंत चार ओळी झाल्या. त्यातल्या तीन तिला कळल्या होत्या. काकांना कोणत्या कळल्या, ते तिने विचारलं नाही.