बाईंची मुलगी

दुसरीच्या बाईंनी चहाचा कप उचलला, न पिताच खाली ठेवला, पुन्हा उचलला. समोर चौथीच्या बाई मान खाली घालून वह्या तपासत होत्या.

"ताई, खारूबद्दल थोडं बोलायचं होतं."

खारू म्हणजे चौथीच्या बाईंची मुलगी. ती दुसरीत होती. बाईंचं लाल पेन थांबलं नाही.

"गणितात कच्ची आहे ना? मला माहीत आहे."

"नाही, अभ्यासात हुशार आहे. पण..."

हा 'पण' चौथीच्या बाईंनी लगेच ओळखला, कारण तो त्यांचाच होता. पालकांना बोलावून आधी गोड बोलायचं, मग 'पण' म्हणून मूळ मुद्दा काढायचा, यात त्यांचा हात धरणारं शाळेत कोणी नव्हतं. नव्या शिक्षिकांना ही रीत त्यांनीच शिकवली होती. त्यांनी पेनाला टोपण लावलं.

"मधल्या सुट्टीत ती शाळा-शाळा खेळते. स्वतः बाई होते आणि मुलांना भिंतीकडे तोंड करून उभं करते."

"खेळच आहे तो."

"मुलं रडतात, ताई. एक मुलगी तर आठवडा झाला, आलेली नाही. उद्या तिचे वडील येणार आहेत. शाळाच बदलायची म्हणतात."

"खारू मारते का तिला?"

"छे. आवाजसुद्धा चढवत नाही."

"घरी तर ती अशी कधीच वागत नाही," बाई म्हणाल्या आणि त्यांचे कान तापले. हे वाक्य त्यांनी आजवर कितीतरी आयांच्या तोंडून ऐकलं होतं आणि दर वेळी मनातल्या मनात हसल्या होत्या.

"कधीपासून चाललंय हे?"

"वर्ष सुरू झाल्यापासून."

"आणि मला आज सांगतेस? दुसऱ्या कुणाची मुलगी असती तर?"

"पहिल्याच आठवड्यात आईला बोलावलं असतं." दुसरीच्या बाई टेबलाकडे बघत म्हणाल्या, "तुम्हाला कसं सांगायचं, तेच आम्हाला कुणाला कळत नव्हतं."

म्हणजे शिक्षकांची अख्खी खोली मूग गिळून बसली होती. बाईंना आधी राग आला, मग वाईट वाटलं. एकत्र काम करतो, म्हणून भिडेपोटी गप्प राहिल्या असतील, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली.

घरी त्या रागवायचं ठरवूनच आल्या होत्या. खारू जमिनीवर पालथी पडून चित्र रंगवत होती. तिची रंगाने माखलेली बोटं पाहून बाईंचा राग निम्म्यावर आला. त्या तिच्याशेजारी बसल्या.

"मला घेशील शाळा-शाळा खेळायला?"

खारूने डोळे बारीक केले. आई आपणहून खेळायला येते म्हणजे कुठेतरी पाणी मुरत होतं. पण मोह आवरला नाही.

"तू मुलगी, मी बाई. गृहपाठ आणलास?"

"विसरले."

खारू रागावली नाही. अगदी जवळ आली, एका बोटाने आईची हनुवटी वर केली आणि हळू, जवळजवळ मायेने म्हणाली, "विसरलीस, की केलाच नाहीस? तुझ्या आईला कळलं तर किती वाईट वाटेल तिला. जा, भिंतीकडे तोंड कर."

हे शब्द बाईंचेच होते, त्यांच्या वर्गातले. दुसरीचा वर्ग आधी सुटायचा. मग चौथी सुटेपर्यंत खारू आईच्या वर्गात मागच्या बाकावर बसून राहायची. तिथे ती चित्रं काढते, असं बाई धरून चालल्या होत्या.

त्या उठल्या आणि भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. इतक्या जवळून भिंतीचा नुसता रंग दिसत होता.

"आता काय करायचं?"

"आता रडायचं. इथे सगळे रडतात."

"आणि मग बाई काय करतात?"

खारूला हा प्रश्न कुणी कधी विचारला नसावा.

"काही नाही," ती म्हणाली. "बाई पुढच्या मुलाकडे जातात."