मूळ फाईलला कुलूप

हॉटेलच्या खरेदी-मॅनेजरनं दोन बिलं इतक्या जोरात आपटली की दुकानाचा काचेचा काउंटर थरथरला.

"दोन्हींवर नंबर एकच! एक आरशांचं, एक बाथरूमच्या काचांचं. आणि या दुसऱ्याची बेरीज करून बघा. टॅक्स धरून जुळतेय का? आमचे अकाउंटवाले माझी सालटी काढतायत."

बाळनं बिलांकडे पाहिलंसुद्धा नाही. "ते ताईनं कॉम्प्युटरवर काहीतरी करून ठेवलंय हो," तो हसत म्हणाला, "मला त्यातलं काही कळत नाही."

मागच्या टेबलावर बसलेल्या ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

बाळ म्हणजे तिचा धाकटा भाऊ. चाळिशीला टेकला, कपाळ मागे सरकत टाळूपर्यंत गेलं, तरी सगळ्यांचा बाळच. दुकान अण्णांनी, म्हणजे त्यांच्या वडिलांनी, उभं केलेलं. हात थरथर कापायला लागले तसं त्यांनी काच कापणं सोडलं. तेव्हापासून काच कापायला दोन कारागीर, गिऱ्हाइकांशी गोड बोलायला बाळ आणि उरलेलं सगळं करायला ताई, अशी वाटणी होती.

बिलाचा फॉरमॅट तिनंच शीटमध्ये बसवला होता. वर दुकानाचं नाव, उजवीकडे नंबर आणि तारीख. यादीतून गिऱ्हाईक निवडलं की पत्ता आपोआप यायचा. लांबी-रुंदी मिलिमीटरमध्ये टाकली की क्षेत्रफळ निघायचं, काच साधी की टफन, म्हणजे तापवून कडक केलेली, ते सांगितलं की दर यायचा, कड घासायची असेल तर तिचे पैसे वेगळे, मग टॅक्स, मग बेरीज. एका गोल आरशानं तर तिला रडवलं होतं. आरसा गोल कापला तरी खर्ची पडते ती चौकोनी काच, तेव्हा पैसे चौकोनाचे लावायचे आणि कड मात्र गोलाची धरायची, हे शीटच्या गळी उतरवण्यात तिचा आख्खा रविवार गेला. पण बसलं एकदाचं. आता कुणीही यावं आणि बिल करावं, इतकं ते सोपं होतं.

अट एकच. मूळ फाईल कोरी ठेवायची. तिची कॉपी काढायची, कॉपीला नवं नाव द्यायचं आणि मगच लिहायला घ्यायचं. हे तिनं बाळला आधी प्रेमानं सांगितलं, मग स्क्रीनच्या कडेला चिठ्ठी चिकटवून सांगितलं, मग ओरडून सांगितलं. बाळ चिठ्ठीवरच पेन चालतंय का ते बघायचा. कालचं बिल उघडायचं, नाव खोडून दुसरं टाकायचं, नंबर तसाच. मित्राला सवलत द्यायची तर बेरजेच्या रकान्यात थेट मनातला आकडा ठोकायचा. फॉर्म्युला गेला उडत! मग त्या बिलावरून पुढचं, त्यावरून त्याच्या पुढचं. एक चूक पिल्लं घालत सगळ्या फाईलभर फिरत होती.

ताई काउंटरवर आली. "साहेब, या इकडे. कुणी काय करून ठेवलंय ते दाखवतेच."

"गिऱ्हाइकासमोर आवाज चढवू नकोस," बाळ म्हणाला.

"आणि तू गिऱ्हाइकासमोर माझं नाव सांग!"

मॅनेजरनं दोन्ही हात वर केले. "तुमचं घरचं घरात बघा. मला बरोबर बिलं पाठवा, नाहीतर वरच्या मजल्यांचं काम दुसऱ्याला देतो."

तो गेला. बाळ चहा प्यायला गेला. ताईनं बिलं दुरुस्त करून पाठवली आणि मग मूळ फाईलला कुलूप घातलं. पांढऱ्या रकान्यांत खुशाल लिहा. राखाडी रकान्यांना, म्हणजे आता आपोआप पडणारा नंबर, दर, टॅक्स, बेरीज यांना, हात लावायचा तर पासवर्ड हवा. सवलतीसाठीसुद्धा तिनं एक पांढरा रकाना ठेवला. द्या ना सवलत, पण दिली म्हणून दिसू दे.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाळ की-बोर्डवर बोटं आपटत होता.

"हे घेत का नाहीये?"

"राखाडी आहे ते."

"मग?"

"मग ते तुझ्यासाठी नाही."

बाळ उठून उभा राहिला. कानशिलं लाल झाली होती. "माझ्याच दुकानात मलाच कुलूप? शेफारलीयस तू! चार रकाने काय आखले, मालकीण झाल्यासारखी वागतेस!" त्यानं फोन काढला आणि अण्णांना बोलावून घेतलं. चाळिशीचा बाप्या, बहिणीची तक्रार वडिलांकडे!

अण्णा रिक्षानं आले. खुर्चीत बसले, थरथरणारा उजवा हात डाव्या हातानं धरून ठेवला. बाळनं सगळं सांगितलं, ताईनंही सांगितलं. दोन बिलं दाखवली, हॉटेलचं काम कसं जाता जाता राहिलं तेही सांगितलं. अण्णांनी ऐकून घेतलं. ताईला वाटलं, आता याचे कान उपटतील.

"दे त्याला पासवर्ड," अण्णा म्हणाले.

"अण्णा, तो परत तेच करेल."

"करू दे. शिकेल हळूहळू. उद्या दुकान त्याचंच आहे."

मागे कारागीर काच घासत होता. त्यानं मशीन बंद केलं.

"आणि माझं?" ताईनं विचारलं.

अण्णांना प्रश्नच कळला नाही. खरोखरच कळला नाही, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. "तुझं काय? तू आहेसच की."

तू आहेसच की. भिंत असते तशी. नळ असतो तसा. कॉलेज सुटल्यापासून तिनं या टेबलावर आयुष्य काढलं, लग्नाचं बघू बघू म्हणत कुणी बघितलं नाही, आणि ती होतीच की! तिनं फाईल उघडली, कुलूप काढलं आणि खुर्ची बाळकडे ढकलली.

"घे. सगळे रकाने पांढरे करून टाक."

पर्स उचलून ती बाहेर पडली. "अगं, जेवायच्या आधी हॉटेलचं कोटेशन..." बाळ मागून म्हणाला. तिनं मान वळवली नाही.

रस्त्यापलीकडे शाळांचे युनिफॉर्म शिवणारी बाई होती. जिभेमुळे तिला सगळे कात्री म्हणत आणि तिला त्याचा अभिमान होता. मला पण असं बिल करून दे, म्हणून ती कधीची मागे लागली होती. ताई तरातरा आत शिरली.

"कॉम्प्युटर चालू कर."

"बस तरी. कुणाला मारून आलीस?"

"चालू कर म्हणते ना!"

ताईनं कोरी शीट उघडली. काचेचं इथं काही कामाचं नव्हतं. इथं शाळा, इयत्ता, मापं, कापड शाळेचं की दुकानाचं. ती एकेक प्रश्न उलटतपासणी घेतल्यासारखा विचारत होती आणि बटणं बडवत होती.

"हळू गं," कात्री म्हणाली. "त्या की-बोर्डनं तुझं काय वाकडं केलंय?"

ताईला हसू आलं नाही. पण संध्याकाळपर्यंत फॉरमॅट उभा राहिला आणि कात्रीनं स्वतःच्या हातानं त्यात पहिलं बिल केलं. चांगलं चाललं तसं तिनं ते नळवाल्याला दाखवलं, नळवाल्यानं लॉन्ड्रीवालीला. कात्रीच्या दुकानातलं कोपऱ्यातलं टेबल ताईचं झालं. ती प्रत्येकाला मूळ फाईल कोरी ठेवायला बजावायची, आणि कुणी हसण्यावारी नेलं की तिचा आवाज असा चढायचा की माणूस दचकायचा.

घरी ती अण्णांना वेळेवर गोळ्या द्यायची, जेवायला वाढायची. बोलायची नाही.

एके दुपारी अण्णा स्वतः रस्ता ओलांडून कात्रीच्या दुकानात आले.

"पुरे झालं आता. बाळची फार ओढाताण होतेय. चल दुकानात."

"भागीदार म्हणून की आहेच म्हणून?"

"घरात भागीदारी कसली मोजतेस?"

"बाळची मोजलीत ना? कागदावर माझं नाव घाला, या क्षणी येते. नाहीतर नळवाल्याला दिला तसा तुमचाही फॉरमॅट नीट करून देईन. पैसे घेऊन."

"बापाकडून पैसे घेशील?" अण्णा म्हणाले. "एवढा राग बरा नाही, पोरी."

"मग कुणाला बरा? बाळला? त्याचा राग ऐकून तुम्ही रिक्षा करून आलात."

अण्णा उठले आणि बाहेर पडले. फुटपाथच्या कडेला गाड्यांकडे बघत उभे राहिले. एक पाय खाली टाकायचे, परत वर घ्यायचे. ताईनं दात आवळले. मग खुर्ची मागे सारून बाहेर गेली, एका ट्रकला हात दाखवून थांबवलं आणि अण्णांचं कोपर धरलं. त्यांनी सोडवून घेतलं नाही. तिच्या मुठीत त्यांचा हात थरथरत होता, आणि तिचाही राग काही शांत झाला नव्हता.

पलीकडे पोचल्यावर तिनं त्यांना दुकानाच्या पायरीवर चढवलं. आत बाळनं मान वर करून पाहिलं. "ताई, आलीस? हे बघ ना जरा..."

ती पायरीवरूनच वळली आणि रस्ता ओलांडून परत आली. नळवाला नव्या दरांची यादी हातात घेऊन वाट बघत बसला होता.