न पुसलेलं उत्तर

मी मुलाखतीच्या खोलीतला पांढरा फळा बोलतोय. माझं तोंड सध्या भिंतीकडे आहे, त्यामुळे आवाज जरा दबका येईल. चालवून घ्या.

माझी उमेदीची वर्षं एका शिकवणी वर्गात गेली. तिथल्या बाई मला पुसण्याआधी मुलांना विचारायच्या, "उतरवून घेतलं ना सगळ्यांनी?" पुढे बाई थकल्या, वर्ग बंद झाला आणि मी या कंपनीत आलो. कंपनी म्हणजे तीन खोल्या, नऊ खुर्च्या आणि दारावर 'भरती सुरू आहे' अशी पाटी. चार वर्षांत ती पाटी उतरली नाही आणि दहावी खुर्चीही आली नाही.

इथली रीत सांगतो. काम कुठे अडलं की साहेब मुलाखती ठेवतात. अडलेलं कामच 'उदाहरण' म्हणून विचारायचं. उमेदवार घाम पुसत माझ्यावर उत्तर लिहितो. मग साहेबांचा इंजिनिअर फोनवर माझा फोटो काढतो. सगळ्याला नुसतं 'हं' म्हणतो, म्हणून मी त्याला हुंकार म्हणतो. उमेदवाराला "कळवतो" सांगायचं की झालं. "आयतं मिळतंय तर आपलं डोकं कशाला शिणवायचं?" हे साहेबांचं ब्रीद.

मीही काही धुतल्या तांदळासारखा नाही. पुढचा उमेदवार आला की मी पांढराशुभ्र होऊन उभा राहायचो, जणू काही झालंच नाही.

गेल्या महिन्यात एका दवाखान्याचे फोनवर फोन येत होते. आमच्या कंपनीच्या प्रोग्रॅममधून दोन-दोन पेशंटना रांगेचा एकच नंबर जात होता आणि दाराशी भांडणं होत होती. हुंकाराने हात टेकले. लगेच मुलाखती लागल्या.

त्यात एक बाई आल्या. अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंचं करण्यात त्यांची सहा वर्षं गेली होती. खोलीत एकट्या असताना त्या फोनवर बहिणीला म्हणाल्या, "ताई, ही शेवटची हं. आज नाही जमलं तर घरी बस, असं यांनी बजावलंय."

हुंकाराने खणात हाताला लागला तो मार्कर त्यांना दिला. तो खोक्यांवर नावं घालायचा, पक्क्या शाईचा निघाला. बाई चाळीस मिनिटं लिहीत होत्या. दोनदा अडल्या, डोळे मिटून उभ्या राहिल्या, पुन्हा लिहू लागल्या.

"हा खरा घोळ आहे का हो कुणाचा?" त्यांनी विचारलं.

"छे! उदाहरण आहे," साहेब म्हणाले. हुंकाराने फोटो काढला.

बाई गेल्यावर त्याने मला पुसायला घेतलं. घासून घासून दमला. माझी चकाकी केव्हाच गेलेली, शाई आत मुरली होती. मला मनापासून आनंद झाला. दुसऱ्या दिवशी दवाखान्याचे फोन थांबले आणि साहेबांनी सगळ्यांना पेढे वाटले.

आठवड्याने बाईंचाच फोन आला. साहेबांनी तो स्पीकरवर टाकला.

"तुमच्या कामात खंड पडलाय ना, तेच नडलं," ते म्हणाले.

"बरं. पण सर, एवढंच सांगा, माझं उत्तर बरोबर होतं का?"

उत्तर माझ्या छातीवर ठसठशीत होतं. हुंकाराने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

"आता काही आठवत नाही बुवा," साहेब म्हणाले.

"मग चुकलंच असेल," बाई म्हणाल्या आणि त्यांनी फोन ठेवला.

त्याच दुपारी मला उतरवून भिंतीकडे तोंड करून ठेवलं. माझ्या जागी नवा फळा आलाय. सगळं पुसून घेणारा, गुणी.

तुम्ही कधी इथे मुलाखतीला आलात तर मला जरा वळवा. त्या बाई कुठे भेटल्या तर सांगा, उत्तर बरोबर होतं. मी ते अजून पुसू दिलेलं नाही.