डाव्या पायाचं लाल तेल

नमस्कार मित्रांनो! चार माणसं बसतील एवढं लहानसं, साठी ओलांडलेलं विमान मी. रायपूरच्या एका उड्डाणशाळेच्या शेडमध्ये राहतो. मला घडवलं दूर परदेशात, पण माझं अर्ध्याहून जास्त आयुष्य इथल्याच उन्हात गेलं.

उडालो की मी माझी तिन्ही चाकं पोटात घेतो. ती हलवतं लाल रंगाचं तेल. पंप ते तेल बारीक नळ्यांतून जोरानं ढकलतो, आणि त्या जोरानं चाकं वर जातात, खाली येतात. तेल कमी पडलं की माझे पाय लुळे पडतात.

शंभरावर वैमानिक मी शिकवले. विमलाताई त्यांतल्याच. पहिल्यांदा एकट्या उडाल्या तेव्हा भीती जावी म्हणून मोठ्यानं पाढे म्हणत होत्या. आता त्या शाळेच्या प्रमुख आहेत.

माझा डावा पाय मात्र कायम गळायचा. चाकापाशी तेल ठिबकायचं, म्हणून खाली एक परात ठेवलेली असायची. रायपूरच्याच गुढियारी भागातले दिवाकरकाका माझे मेकॅनिक. ते चाकाजवळचं रबरी वायसर बदलायचे, वरचे जोड आवळायचे, तेल भरायचे आणि माझ्या नाकावर थाप मारून म्हणायचे, "म्हातारा झाला रे बाबू तू, गळणारच!" मलाही ते खरं वाटायचं. पुढे काका निवृत्त झाले आणि तात्यापारा वस्तीतली ज्ञानदा माझी इंजिनिअर झाली.

गेल्या फेब्रुवारीत विमलाताई अनुश्री नावाच्या विद्यार्थिनीला घेऊन परत येत होत्या. चाकं खाली सोडली. तिन्ही पक्की बसली की समोर तीन हिरवे दिवे लागतात. त्या दिवशी दोनच लागले. माझं तेल वाटेतच गळून गेलं होतं.

"अनुश्री, तू विमान सांभाळ," विमलाताई म्हणाल्या आणि राखीव तेलाचा हातपंप हापसू लागल्या. घामानं त्यांचा चष्मा घसरत होता. मला तर लाजेनं मेल्यासारखं झालं होतं. कितीतरी वेळानं तिसरा दिवा लागला आणि आम्ही सुखरूप उतरलो.

विमलाताई उतरून माझ्या पंखाला टेकल्या. मग ज्ञानदाला म्हणाल्या, "माझा जीव आहे गं याच्यावर. पण पोरींना यात बसवून मी जुगार खेळणार नाही. शहरातल्या एका चौकात याला खांबावर ठेवू. सोमवारी क्रेन येईल."

खांबावर! खाली गाड्यांची गर्दी आणि मी वर कायमचा गप्प. पंख असून हलायचं नाही!

"मॅडम, सोमवारपर्यंत मला बघू द्या," ज्ञानदा म्हणाली. विमलाताईंनी होकार दिला.

ज्ञानदानं आधी दिवाकरकाकांना बोलावलं.

"काहून बोलावलं पोट्टी मले? वायसर बदल, जोड आवळ, झालं!"

"काका, वायसर तीन बार बदललं. फिर भी गळून राहिलं. तेल जिथून टपकते तिथूनच गळते, असं कशावरून?"

तिनं मला जॅकवर उचललं आणि डाव्या पायापासून पंखाच्या पोकळीपर्यंत सगळं पुसून कोरडं केलं. मग पिशवीतून सदर बाजारातून आणलेला गुलाबाच्या वासाच्या पावडरचा डबा काढला आणि माझ्या नळ्यांवर पावडर भुरभुरली.

काका हसतच सुटले. "लगीन आहे का याचं?"

"हव काका! जमलं तर वरातही काढू. तुम्ही पंप हापसा."

काका हापसू लागले. ज्ञानदा टॉर्च घेऊन वाकली. पांढऱ्या पावडरीवर एक लाल रेघ उमटली, पण चाकापाशी नाही! पार वर, पंखाच्या पोकळीतल्या जोडापाशी. तेल तिथून निघून नळीच्या पाठीवरून घरंगळत खाली येत होतं आणि बदनाम होत होतं चाक.

काका पंप सोडून आले आणि त्यांनी जोडाकडे बोट नेलं. "हात नका लावू काका! जोरातलं तेल कातडीत घुसते." तिनं पुठ्ठा धरला. त्यावर बारीक लाल ठिपके उडाले.

दाब उतरवून तिनं जोड उघडला. नळीच्या तोंडाला केसाएवढी चीर होती.

काकांनी चष्मा पुसला, नळी उन्हात धरली. त्यांचा चेहरा उतरला. "हा जोड मीच आवळत होतो. गळलं की आवळ, अजून गळलं की अजून आवळ. मीच फोडली ही. अन् नावं ठेवून राहिलो याच्या वयाले!"

ते आता उठून घरी जातील असं मला वाटलं. पण त्यांनी शर्टाच्या बाह्या दुमडल्या. "चूक माही, तर नळीही मीच बसवतो. दाखव तुझं माप."

जुन्या मापाची नवी नळी आली. वायसरं नवी, तेल ताजं. ज्ञानदानं दिलेला मापाचा पाना जोड पुरेसा आवळला की 'टक्' वाजतो; तो वाजला, तरी काकांचा हात सवयीनं पुढे सरकला.

"काका, बस!"

"बस तर बस," काका म्हणाले आणि लहान मुलासारखे हसले.

मग नळ्यांतली हवा काढली आणि माझे पाय वीस वेळा खाली-वर केले. रात्री परातीच्या जागी वर्तमानपत्र अंथरलं. सकाळी त्यावर फक्त काकांच्या चहाच्या कपाचा गोल होता.

विमलाताई गुडघ्यावर बसल्या. पांढरा रुमाल माझ्या पायावरून फिरवला. तो पांढराच राहिला. हुंगून म्हणाल्या, "हा गुलाबाचा वास कुठून?" आणि लगेच क्रेनवाल्याला नको म्हणून फोन केला.

शाळेचा एक रिवाज आहे: ज्यांनी दुरुस्त केलं, त्यांनी पहिल्या उड्डाणात बसायचं. ज्ञानदा पुढे, विमान चालवणाऱ्या विमलाताईंशेजारी बसली, काका मागे. खारून नदी दिसेपर्यंत काकांचे डोळे मिटलेले होते. गुढियारीवर आलो तशी त्यांना आपल्या घराची निळी टाकी दिसली आणि ते ओरडले, "मीराबाई! वर पाह्य!" मीराबाई म्हणजे काकू. त्यांना कसं ऐकू जाणार? पण आम्ही सगळे खदखदून हसलो, माझ्या खिडक्यासुद्धा थरथरल्या. उतरताना तीन हिरवे दिवे एकदम लागले.

मित्रांनो, तुमच्या घरातलंही एखादं यंत्र कुरकुरत असेल, ठिबकत असेल. त्याच्या वयाला बोल लावण्याआधी ते पुसा, वाका, मूळ शोधा. आणि मुळाशी आपलीच चूक निघाली, तर काकांसारख्या बाह्या दुमडा.

बरं, आता जरा बाजूला व्हा. ज्ञानदा माझ्या चाकांखालचे ठोकळे काढते आहे.