शेवटचा पाऊण तास

एकसष्ट सालापर्यंत आमच्या तेल्हाऱ्यात सिनेमाचा शेवट सहसा कोणी पाहिलेलाच नसे. सिनेमासाठी अकोल्याला जायचं, तीनचा खेळ धरायचा, आणि गावाकडची शेवटची एसटी सुटायची सहाला. चित्र साडेतीन तासांचं. पावणेसहा वाजले की तेल्हाऱ्याची माणसं अंधारात लोकांचे पाय तुडवत बाहेर पडत. गावात आल्यावर मात्र प्रत्येक जण शेवट असा रंगवून सांगे, की चित्र त्यानेच काढलं असावं. मी तर शाळामास्तर. माझ्या मताला गावात वजन होतं, आणि मला त्याचा माजही होता.

त्या वर्षी एक चित्र अकोल्यात पंचवीस आठवडे चाललं. आईच्या सांगण्यावरून नवरा बायकोला घराबाहेर काढतो, मग पस्तावून तिला न्यायला येतो. इथे आमची एसटीची वेळ झाली.

घरी मी ही कथा सांगत होतो तेव्हा माझी धाकटी बहीण जमुना तूर निवडत होती. ती दीड वर्षापासून माहेरी होती. तिचा नवरा भगवंतराव अमरावतीला कारकून. माणूस गरीब, पण आईपुढे तोंड उघडेल तर शपथ. न्यायला येतो म्हणून त्याची पत्रं येत, आणि जमुना उत्तर देत नसे.

"मंग? गेली का नाई?" तिने विचारलं.

"गेली ना! सासूनं माफी मागतली. झकास चित्र आहे," मी ठोकून दिलं. तिचं घर उभं राहावं असं मनापासून वाटत होतं. शिवाय 'माहीत नाही' म्हणणं मास्तराला जमत नाही.

आठ दिवसांनी जमुनाने स्वतःच पत्र टाकलं. भगवंतराव आला आणि ती गेली.

दीड महिन्याने अकोल्याहून बदली होऊन वामनराव नावाचे मास्तर आमच्या शाळेत आले. त्यांनी ते चित्र तीनदा पाहिलेलं. मी गोड शेवटाची तारीफ करताच ते माझ्याकडे पाहतच राहिले.

"कोणता गोड शेवट, शेषराव? थे परत जाते आन् सासूच्या छळानं मरते. पुरं थेटर रडते."

जमुनाचं एकच कार्ड आलं होतं, त्यात 'मी बरी आहे' एवढंच. ते कार्ड आईने आनंदाने देवापाशी ठेवलं होतं. आता मला त्यात भलतंच दिसायला लागलं. रविवारी पहिल्या एसटीने निघालो आणि अकोल्यावरून दुपारी अमरावती गाठली. वाटभर स्वतःला शिव्या घालत होतो.

दार सासूने उघडलं. "या, मास्तर," म्हणाली आणि पाणीही तिनेच आणून दिलं. तरी माझा जीव थाऱ्यावर येईना. आतून जमुना आली, अंगाने जरा भरलेली.

"जमने, म्या खोटं सांगतलं. शेवट म्या पाह्यलाच नाई!"

"मले माईत आहे. तेल्हाऱ्यातल्या कोन्या मानसानं शेवट पाह्यला आतापर्यंत?"

"मंग काहून आली तू?"

"सिनेमा आयकून आली का मी?" जमुनाने नवऱ्याकडे बोट केलं. "यायले पत्रातच लिवलं होतं, आई मले बोलली का तुमी मधात बोलायचं. नाई बोलले तर मी चालली माह्या घरी. पयल्याच दिवशी बोलले. आवाज कापून राह्यला होता त्यायचा, पन बोलले."

भगवंतराव कोपऱ्यात उभा होता. त्याचे कान लाल झाले. मी मटकन खाटेवर बसलो. इतकं हलकं मला मॅट्रिक पास झालो तेव्हाही वाटलं नव्हतं.

"आता शेवट पाहूनच जाय," जमुना म्हणाली. "इथं लागला आहे. आमी पाह्यला. रद्दी चित्र! बाई नुसती रडते, एक डाव तोंड उघडत नाई."

तिघेही तीनच्या खेळाला गेलो. पावणेसहा वाजले आणि सवयीने मी उठायला लागलो, तेव्हा तिने हात धरून बसवलं. सव्वासहाला पडद्यावर ती बाई उंबऱ्यात पडून शेवटचे श्वास मोजत होती. पुढच्या रांगेतल्या बाया पदर तोंडात कोंबून रडत होत्या. माझ्या शेजारी जमुना भुईमुगाच्या शेंगा फोडत पुटपुटत होती, "उठ न व माय, बोल न काई." मला हसू फुटलं. दाबायला गेलो तर आणखीच वाढलं, डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

मागचा माणूस चिडला. "भाऊ, बाई मरून राह्यली आन् तुमी हासून राह्यले?"

"मरू द्या हो," मी म्हणालो. "माही बहीन शेंगा खाऊन राह्यली."