पाठीवरचं नाव

मी बाक बोलतोय. हो, सिमेंटचा. एसटीच्या थांब्यावर, देवळापुढे, शाळेच्या मैदानात असतो ना, पाठीवर ‘अमक्याच्या स्मरणार्थ’ लिहिलेला, तोच. तुम्हीही कधीतरी माझ्यावर बसून शेंगा खाल्ल्या असतील आणि टरफलं खालीच टाकली असतील. पाठीवरचं नाव मात्र वाचलं नसेल. कुणीच वाचत नाही. एक बाई सोडून, आणि तिला तर वाचताच येत नाही.

माझा जन्म त्र्याण्णव सालचा, मंचरच्या बाहेरच्या एका शेडमधला. तिथे सिमेंटचे पाइप, जाळ्या, गुरांच्या गव्हाणी व्हायच्या. जानकू नावाचा कारागीर साच्यात माल ओतायचा आणि तोंडाने सारखी बडबड चालू. “नीट बस रे बाबा, लई माणसं बसणारेत तुझ्यावर.” माझी पाठ ओली असतानाच त्याने जाड खिळ्याने अक्षरं कोरली. कै. कु. इंद्रायणी. मग समोर उभ्या असलेल्या माणसाला त्याने विचारलं, “केवढी व्हती?” तो म्हणाला, “कालेजात व्हती.” जानकूने खिळा पुसला आणि एकेक अक्षर पुन्हा खोल गिरवलं.

तो माणूस म्हणजे येडगावचा हौशीराम, इंद्रायणीचा बाप. इंद्रायणी नारायणगावला कॉलेजात यायची. परतीच्या गाडीसाठी हायवेच्या कडेला उभी राहायची, कारण थांबा म्हणजे नुसता एक खांब होता, बसायला काहीच नव्हतं. एका दुपारी टोमॅटोने भरलेला ट्रक कडेला आला. एवढंच झालं, आणि एवढ्यात सगळं संपलं.

आमच्या भागात दशक्रियेला सगळा गोतावळा नदीवर जमतो. प्रवचन होतं, आणि मग घरचे लोक गेलेल्या माणसाच्या नावाने काहीतरी देणगी जाहीर करतात. देवळाला घंटा म्हणा, शाळेला कपाट म्हणा. भावकीने घंटा ठरवली होती. तोच बायकांमधून इंद्रायणीची आई, ठकूबाई, उठून उभी राहिली. “घंटा नको. तिथं बाक टाका. बसाया जागा असती तर माझी पोर रस्त्याव उभी ऱ्हायली नसती.” अशा वेळी बायका मध्ये बोलत नाहीत. पण त्या दिवशी तिला खाली बसवायची कुणाची छाती झाली नाही.

असा मी नारायणगावात आलो, खांबापासून चांगला दहा पावलं आत, लिंबाच्या सावलीत.

काय दिवस होते ते! बाजाराच्या दिवशी माझ्यावर तिघांच्या जागेत सहा जण. मेथीच्या जुड्या, पिशवीतून मान काढणारी कोंबडी, नव्या चपलांचा खोका. येडगावच्या जीपमध्ये तर माणसं अशी कोंबलेली की ड्रायव्हर अर्धा बाहेर बसून गाडी हाकायचा. तंबाखू मळणारे चुन्याची बोटं माझ्याच कडेला पुसायचे. मी रागवायचो, पण ऐकतो कोण दगडाचं?

ठकूबाई दर बाजाराला यायची. टोकाला, नावाजवळ बसायची. पदराने अक्षरं पुसायची आणि मग पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत बोट फिरवायची, सावकाश, लेकराच्या डोक्यावरून फिरवावं तसं. मग घरच्या गोष्टी सांगायची. म्हैस व्याली, भरतला मिशा फुटल्या, तुझ्या बापाचं गुडघं दुखत्यात. कुणी नावाला पाठ टेकली की म्हणायची, “पावणं, जरा सरका. पोरीचं नाव हाये.” लोक निमूट सरकायचे. खरं सांगतो, मी कुठल्या राजाच्या सिंहासनाशीही जागा बदलली नसती.

भरत म्हणजे इंद्रायणीचा धाकटा भाऊ. दर वर्षी तिच्या श्राद्धाच्या आदल्या दिवशी तो लाल रंगाची डबी घेऊन यायचा आणि माझी अक्षरं भरायचा. रंग भरताना त्याचे डोळेही भरून यायचे. भाऊ असावा तर असा, असं मला वाटायचं.

मग गाव वाढायला लागलं. वाढायला म्हणजे काय, फुगायलाच लागलं म्हणा. आधी पिवळ्या पाटीचे एसटीडी बूथ आले, मग कोल्ड्रिंकची दुकानं, मग खताच्या दुकानांवर मजले चढले आणि वर लॉज निघाले. लिंब गेला. माझ्या पाठीवर क्लासच्या, मूळव्याधीच्या, वाढदिवसाच्या जाहिराती चिकटल्या. ठकूबाई नखांनी त्या खरवडायची आणि मोठ्याने शिव्या द्यायची. भरत हसून म्हणायचा, “आई, गावाची प्रगती झाली, तू का भांडती?” त्या वर्षापासून लाल डबी काही आली नाही.

दोन हजार सहाच्या सुमारास माझ्यामागे कॉम्प्लेक्स उभं राहिलं. काचा, शटर, चकचकीत फरशी. त्यातला पहिला गाळा भरतने घेतला, मोबाइलचं दुकान टाकायला. आणि मी नेमका त्याच्या दारात! कॉम्प्लेक्सवाले शेठ त्याला म्हणाले, “भरतभाऊ, वाईट वाटून घेऊ नका, पण उद्घाटनाला दारासमोर मयताचं नाव बरं दिसतं का? मी नवीन ग्रॅनाइटचा बाक टाकतो, कॉम्प्लेक्सच्या नावाचा.”

मी भरतकडे बघत राहिलो. म्हटलं, आता हा बोलेल. अरे, बहीण आहे तुझी! त्याने रुमालाने मानेचा घाम पुसला आणि म्हणाला, “बघा, तुमाला योग्य वाटंल तसं.”

ठकूबाई लग्नाला परगावी गेली होती तेव्हा जेसीबी आला. माझे पाय मोडले, बसायची फळी तुटली. पाठ तेवढी शाबूत राहिली. रस्त्याच्या कडेला नवीन गटार झालं होतं, त्यावर एक फरशी कमी पडत होती. कामगारांनी मला उचलून तिथे घातलं. अक्षरांची बाजू खडबडीत म्हणून ती खाली गेली, गुळगुळीत बाजू वर. भरत दुकानात पताका बांधत होता. त्याने एकदाही मान वळवली नाही.

पुढच्या बाजाराला ठकूबाई आली. डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला, त्यामुळे तिला चटकन काही उमजेना. भरतने हात धरून तिला काळ्या ग्रॅनाइटवर बसवलं. “आई, नवीन केला बाक. ताईचं नावबी टाकलंय, बघ.” आणि तिचं बोट कॉम्प्लेक्सच्या नावावर नेऊन ठेवलं.

तिने बोट फिरवलं. पहिल्या अक्षरावरच ते अडलं. पुन्हा फिरवलं. अरे, इतकी वर्षं गिरवलेलं नाव ते, डोळे गेले तरी बोट कसं फसेल?

“भरता,” ती हळूच म्हणाली, “ह्यात माझी पोर न्हाई रं.”

“तीच हाय, आई. नवीन अक्षरं हायेत.” तेवढ्यात गिऱ्हाईक आलं. तो आत गेला.

ती रडली नाही, भांडली नाही. पिशवी उचलली आणि उठली. त्यानंतर त्या बाकावर ती कधी बसली नाही. लोक म्हणतात, “मावशे, बसा की, जागा हाये.” ती मान हलवते आणि जीप येईपर्यंत रस्त्याच्या कडेला जाऊन उभी राहते.

ती कडा म्हणजे मी. तिच्या टाचा माझ्या पाठीवर असतात, आणि खाली, गटाराच्या काळ्या पाण्याकडे तोंड करून, तिची पोर असते. तिला माहीत नाही. मी ओरडतो, पण फरशीचा आवाज कुणाला ऐकू जातो! समोरून ट्रक जातात, टोमॅटोचे, कांद्याचे, विटांचे. वाऱ्याने तिचा पदर उडतो. आताशा तिला गाड्या नीट दिसतही नाहीत.

मला उलटं करा, नाव वर आणा, असं मी म्हणत नाही. मी गटारावर पडून राहीन. फक्त तुम्ही कुणी त्या थांब्यावर गेलात तर त्या म्हातारीला हाताला धरून रस्त्यावरून मागे घ्या. आणि भरत, बाबा, तुझ्या दुकानात एक खुर्ची असेल ना? ती दारात टाक. तुझी आई रस्त्यावर उभी आहे.